नाडी अठ्ठेचाळीस

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी हरिओम आमच्या अपघात विभागात मेला. वय एकतीस. चारठाण्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा, कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला. चार वाजून दहा मिनिटांनी त्याला आणलं तेव्हा तोंडातून लाळ वाहत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या आणि नाडी अठ्ठेचाळीस होती. अशी माणसं दर हंगामात येतात आणि वेळेवर आली तर बहुतेक आपल्या पायांनी घरी जातात. हा वेळेवर आला होता.

या विषावर उतारा म्हणजे ॲट्रोपिन. ते शिरेतून गेलं की नाडी वाढते, तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात. हे सगळं समोर दिसतं, त्याला यंत्र लागत नाही. हरिओमच्या बाबतीत चाळीस मिनिटं यातलं काहीच झालं नाही. सहा वाजायच्या आत डॉक्टर विरेश यांनी लेखी दिलं की ड्यूटीवरच्या सिस्टर धम्मशीला यांनी ॲट्रोपिन वेळेवर दिलंच नाही.

मी त्रिवेणी. परभणीहून जिंतूरकडं जाताना आमचं ट्रस्टचं रुग्णालय लागतं, तिथल्या प्रशिक्षण कक्षाची प्रमुख. बावीस वर्षं सिस्टर लोकांना शिकवतेय. पोरी माझ्यामागं मला 'खवट मॅडम' म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. प्रशिक्षण म्हणजे चहा, बिस्किटं आणि शेवटी एक फोटो, असं समजणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं.

शनिवारी सकाळी ट्रस्टचे सचिव भगवानराव यांनी मला बोलावलं.

"मॅडम, धम्मशीला सिस्टरला निलंबित केलंय, मंगळवारी समिती बसायलीय. त्या बाईचं विषबाधेचं प्रशिक्षण झालं होतं का, एवढं कागदावर द्या. झालं असंल तर दोष तिचा. नर्सिंग परिषदेला कळवू, नोंदणी रद्द करा म्हणून."

"आणि झालं नसेल तर?"

"तर तुमचा," ते म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

मी वर येऊन फाइल उघडली. कागद जागेवर होता. जुलैची तुकडी, धम्मशीलाची सही, परीक्षेचे गुण पन्नासपैकी एकोणपन्नास. बावीस वर्षांत त्या परीक्षेत एवढे गुण मी दुसऱ्या कुणाला दिले नव्हते. हा कागद खाली दिला की पोरगी नोकरीतूनही गेली आणि धंद्यातूनही गेली, कायमची. मी फाइल मिटली आणि सरळ तिच्या खोलीकडं निघाले.

२

धम्मशीला चुडाव्याची. वडील नाहीत, धाकटी बहीण हिच्याच पगारावर नांदेडला शिकते. सिस्टरांच्या निवासात ती पलंगाच्या कडेला बसली होती, अजून कालच्याच गणवेशात.

"आधी तोंड धू," मी म्हणाले. "मग बोल. दिलंस का नाही?"

"दिलं मॅडम."

"कधी, किती?"

कागद न बघता तिनं सांगितलं. सव्वाचारला पाच मिली. पाच मिनिटांनी दहा. मग वीस, मग चाळीस. दर वेळी दुप्पट, शिकवलं होतं तसंच.

"आणि नाडी?"

"अठ्ठेचाळीस. मग अठ्ठेचाळीस. मग शेहेचाळीस. मी लिहीत गेले. डॉक्टर म्हणायले वाढव, मी वाढवलं. वाढंचना. साडेचारला ट्रेमधली मोठी बाटली संपली. भांडारातून दुसरी आणायला माणूस पळवला, तो वीस मिनिटांनी आला. तोवर आमी लाळ ओढायलो होतो, ऑक्सिजन चालू होता. चार पन्नासला नव्या बाटलीतून दिलं आणि नाडी बहात्तर झाली. मला वाटलं, आला हातात. मी त्याच्या आईला बाहेर जाऊन सांगूनसुद्धा आले, घाबरू नका म्हणून. परत आत गेले तर श्वासच थांबला होता."

"बाटली वाचली होतीस? नाव, ताकद, मुदत?"

"तीन वेळा. उचलताना, भरताना, ठेवताना. तुमीच शिकवलंय ना."

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा ती मागून म्हणाली, "मॅडम, पंच्याहत्तर मिली गेलं त्याला. एवढ्यात कुणाचंही तोंड वाळून कोळ होतं. त्याचं शेवटपर्यंत ओलं होतं. मग मी दिलं काय त्याला?"

३

डॉक्टर विरेश वयानं लहान. गर्वाचा नाही, पण त्या दिवशी घाबरलेला होता आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

"मी शेजारच्या खाटेवर मोटारसायकलवाल्याच्या डोक्याला टाके घालत होतो, मॅडम. तोंडानं सांगत होतो, तिनं सिरिंज भरलेली मी बघितली नाही. पण नाडी चार पन्नासला वाढली. याचा अर्थ पहिलं औषध चार पन्नासला गेलं."

"हे तुम्हाला कुठं कळलं, नाडी चार पन्नासला वाढली ते?"

"तिच्याच तक्त्यावर आहे की."

"बरोबर. तिच्याच तक्त्यावर. आता मला एक सांगा डॉक्टर, जिनं औषध दिलं नाही आणि दिलं असं खोटं लिहिलं, ती त्या खोट्यापुढं नाडी किती लिहील? एकशेदहा लिहील, एकशेवीस लिहील. औषध दिलं म्हणायचं आणि समोर अठ्ठेचाळीस लिहायचं, म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःला फाशी. एवढी खुळी चोर मी बघितली नाही. तक्ता खरा आहे. तिनं दिलं."

तो हळूच म्हणाला, "मग बाटलीत काय होतं?"

ती बाटली मेट्रन महादेवीच्या कपाटात कुलपात होती. महादेवी आणि मी एकाच वर्षी नर्सिंग केलेल्या, त्यामुळं ती मला भीत नाही आणि मी तिला. तिनं बाटली टेबलावर ठेवली. लेबल खरं. मुदत अजून दीड वर्ष. तळाशी दोन-तीन मिली उरलेलं. ही मोठी बाटली एकदा उघडली की चार-पाच रोग्यांना पुरते, म्हणून तिचं प्लॅस्टिकचं टोपण नसणं आणि रबराला सुयांची भोकं असणं, यात नवल काही नव्हतं. पत्र्याच्या कड्याखालच्या खाचेत मात्र करडं काहीतरी बसलं होतं.

"भस्म आहे ते," महादेवी म्हणाली. "बुधवारी खंडेनवमी नव्हती का. त्या राजेश्रीनं दोन तास बसून सगळ्या ट्रे पुसल्या, खालच्या-वरच्या सगळ्या, हॉलमध्ये मांडल्या, आणि जंगमस्वामींनी येऊन पूजा केली. दरसालचंच आहे."

दरसालचंच होतं. आमचे विश्वस्त लिंगायत, मीही लिंगायत, आणि आमच्याकडं खंडेनवमीला रक्तदाबाच्या यंत्रापासून माझ्या कक्षातल्या छाती दाबायच्या रबरी पुतळ्यापर्यंत सगळ्यांना भस्माची बोटं लागतात. पुतळ्याच्या कपाळावरचे तीन पट्टे अजून निघाले नव्हते. मी बाटलीवरचा बॅच नंबर वहीत उतरवून घेतला. औषधच खोटं आलं असेल, तर ते भांडारातून आलं असणार.

बाहेरच्या बाकावर हरिओमची आई तानुबाई बसली होती. शवविच्छेदनाच्या कागदासाठी थांबली होती. मला बघून उठली.

"बाई, तुमी मोठ्या सिस्टर हाव का?"

"बोला ना."

"कोन म्हनतं औषीद दिलं, कोन म्हनतं दिलंच न्हाई. मला तेवढं सांगा. दिलं आसंल तर मी म्हनीन, त्येचं आयुष्यच तेवढं व्हतं. न्हाई दिलं आसंल तर..." तिनं अपघात विभागाकडं बोट केलं. "ती पोरगी बाहीर यिऊन मला म्हनली, वाचला म्हून."

मी कुणाला सहसा शब्द देत नाही. तिला दिला. मंगळवारी या, म्हणाले, खरं काय ते मी स्वतः सांगते.

४

रविवारी भांडार बंद. सोमवारी दुपारी मी शिवकांतच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तो आमचा औषधनिर्माता, अठरा वर्षं भांडार सांभाळतोय आणि मला अक्का म्हणतो.

"शरणार्थ अक्का. बसा की."

"बसत नाही. दुसरी बाटली द्यायला वीस मिनिटं का लागली?"

"ड्रेसिंगचा माल उतरवायला मागं गेलतो, कुलूप लावून. आल्या-आल्या दिली."

"आणि पहिलीत औषध नव्हतं, त्याचं काय?"

त्याचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. "अक्का, तुमी मला चोर म्हणायलाव का? माझ्या भांडारात खोटा माल? अठरा वर्षांत एक गोळी इकडची तिकडं झालेली दाखवा, मी आज राजीनामा देतो!"

"आरडू नको. नंबर बघ."

त्यानं माझ्या हातातली वही हिसकावूनच घेतली. आलेल्या मालाचं रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेला आणि थांबला. कपाळावर आठी पडली.

"हा बॅच तर जुलैतच संपला. दहा बाटल्या आल्यात्या, दहाही वापरल्या. अपघात विभागाला सध्या दिलेला माल दुसराच हाय, हा बघा, नंबर वेगळा. ही बाटली त्या ट्रेमधी असूच शकत न्हाई."

"पण होती."

"मग ती रिकामी बाटली होती आणि कुणीतरी भरली." तो उठला. "आमी रिकाम्या बाटल्या मोजून परत घेतो आणि फोडून टाकतो. त्याचं वेगळं रजिस्टर हाय. थांबा, कुणी भरली ते आत्ता निघतं. बिलकुल सोडणार न्हाई मी त्याला."

त्यानं दुसरं जाडजूड रजिस्टर आपटलं. जुलै. एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेला. फोडली, फोडली, फोडली. नवव्या बाटलीपर्यंत आवाज चढलेला होता. दहाव्या ओळीवर त्याचं वाचणं थांबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा खाली बघितलं, आणि रजिस्टर फिरवून माझ्यापुढं सरकवलं.

'रिकामी बाटली, एक. प्रशिक्षण कक्षास दिली.' समोर घेणाऱ्याची सही होती. ती सही माझी होती.

५

मला आठवलं. लगेच सगळं आठवलं. जुलैच्या तुकडीला औषध भरायचा सराव द्यायचा होता. रंगीत बाटल्या, खडूनं लिहिलेली नावं, असल्या खेळण्यांवर शिकलेला हात खऱ्या वेळी अडखळतो, असं माझं मत. म्हणून मी खऱ्या औषधाची रिकामी बाटली मागून आणली. सिरिंजनं तिच्यात इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी भरलं. तुकडी संपल्यावर तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि निळ्या पेननं लिहिलं, 'सराव'. ती बाटली माझ्या कक्षातल्या सरावाच्या ट्रेमध्ये असायची. तुकडी छान झाली होती. धम्मशीलाला एकोणपन्नास गुण याच बाटलीवर पडले होते.

कक्षात येऊन मी कपाट उघडलं. सरावाची ट्रे जागेवर होती. ॲट्रोपिनची बाटलीही जागेवर होती, जवळजवळ भरलेली. पट्टी नव्हती. बॅच नंबर वेगळा होता, शिवकांतनं आत्ता दाखवलेला, अपघात विभागाचा.

नंबर चुकीचा लिहिला गेला असेल, मी स्वतःला म्हणाले. माझ्याकडं खरी बाटली येईलच कशी? खरं सांगते, त्या घटकेला माझं डोकं नुसत्या पळवाटा शोधत होतं. म्हणून मी ठरवलं की कागदावर विसंबायचं नाही. ॲट्रोपिन डोळ्यात टाकलं की बाहुली मोठी होते. पाण्यानं होत नाही.

महादेवीकडून मी हरिओमच्या बाटलीतलं थोडं सिरिंजमध्ये घेतलं. "काय करायलीस?" तिनं विचारलं. "सांगते," म्हणाले. आरशासमोर बसले. डाव्या डोळ्यात हरिओमच्या बाटलीतले थेंब टाकले, उजव्यात माझ्या कपाटातल्या बाटलीतले. दहा-दहा मिनिटांनी पुन्हा टाकले. मग बसून राहिले. मी देवाचं नाव घेणारी बाई आहे, पण त्या तासाभरात देवाकडं काय मागावं तेच मला कळेना. डावा मोठा व्हावा, असं मागत होते बहुतेक.

डावा होता तसाच राहिला. उजव्या डोळ्यातली बाहुली पसरत गेली, आणि समोरचा कागद अंधुक दिसायला लागला. औषध माझ्या कपाटात होतं. त्या पोराच्या शिरेत पंच्याहत्तर मिली पाणी गेलं होतं, मी भरलेलं.

आता हे माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? शिवकांतला अर्धं. तो माझ्यासाठी तोंड मिटून बसला असता. मला निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. धम्मशीला तरुण आहे, दुसरं काही करील, असा विचार माझ्या मनात आला. हो, आला. तो आला नव्हता असं मी सांगणार नाही. तो दोन-तीन मिनिटं टिकला आणि मग मला माझीच किळस आली.

पण एक गोष्ट अजून लागत नव्हती. 'सराव' लिहिलेली पट्टी गेली कुठं? मी ती घट्ट लावली होती. कुणीतरी ती मुद्दाम काढल्याशिवाय निघणारी नव्हती.

६

मंगळवारी सकाळी मानवतची एसटी आली तशी मी राजेश्रीला फाटकातच गाठलं. तीन महिन्यांची नवी पोरगी, मानवतहून रोज ये-जा करते. जुलैच्याच तुकडीतली. पुढच्या बाकावर बसून मी बोललेला शब्दन्‌शब्द लिहून घ्यायची.

"खंडेनवमीला ट्रे तू पुसल्यास ना?"

"हो मॅडम. स्पिरिट लावून. भारी चमकत होत्या." माझ्या उजव्या डोळ्याकडं बघून ती दचकली. "मॅडम, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

"ते राहू दे. एका बाटलीवर पांढरी पट्टी होती, ॲट्रोपिनच्या. आठवते?"

"हो. मीच काढली."

तिनं ते सरळ सांगून टाकलं.

"का काढलीस?"

"मूळ लेबलवर बसली होती ती, नाव झाकलं होतं. तुमीच शिकवलं होतं ना मॅडम." आणि तिनं माझं वाक्य माझ्याच आवाजात, माझ्याच तोऱ्यात म्हणून दाखवलं. "औषधाच्या लेबलवर दुसरं काहीही चिकटवलेलं दिसलं, की आधी ते काढा. झाकलेलं लेबल माणूस मारतं."

मी हे म्हणाले होते. दर तुकडीला म्हणते. ते खरंही आहे.

"पट्टीवर काय लिहिलं होतं, ते वाचलंस?"

"स्पिरिटनं शाई पसरली होती. मला वाटलं, कुणीतरी तारीखबिरीख लिहिली असंल. मग दोन्ही बाटल्या सारख्याच दिसायल्या. पूजेनंतर एक वरच्या, तुमच्या कक्षाच्या ट्रेमधी ठेवली, एक खालच्या, अपघात विभागाच्या." बोलता-बोलता ती थांबली. हुशार पोरगी. तिचे डोळे भरले. "मॅडम, हरिओमची बाटली... ती का?"

मी तिचा हात धरला. माझ्या हातात दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. राजेश्रीनं पट्टी काढली, कारण मी तसं शिकवलं होतं. धम्मशीलानं उघडं लेबल तीनदा वाचून त्यावर विश्वास ठेवला, कारण तेही मीच शिकवलं होतं. दोघींपैकी एकीनंही चूक केली नव्हती. मी त्यांना लेबलवर विश्वास ठेवायला शिकवलं, आणि मीच खऱ्या लेबलच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं.

"मला काढून टाकतील का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "चल, डोळे पूस. अकराला बैठक आहे."

७

समितीत पाच जण होते. भगवानरावांनी घसा खाकरून सुरुवात केली. "त्रिवेणी मॅडम, प्रश्न एकच हाय. सिस्टर धम्मशीलाचं प्रशिक्षण झालं होतं का?"

"झालं होतं," मी म्हणाले. "उत्तम झालं होतं. तिनं शिकवलं तसंच केलं, म्हणून तो माणूस गेला."

मग मी सगळं सांगितलं. आधी तक्ता ठेवला, खोटं लिहिणारी बाई अठ्ठेचाळीस लिहीत नाही म्हणून. मग दोन्ही बाटल्या, दोन्ही बॅच नंबर, शिवकांतचं रजिस्टर आणि त्यातली माझी सही. चार पन्नासला नाडी का वाढली, तर तेव्हा पहिल्यांदा खरं औषध पोचलं. शेवटी चष्मा काढला आणि माझ्या डोळ्यांकडं बघा म्हणाले. डॉक्टर विरेश उठून जवळ आला, टॉर्च मारून दोन्ही डोळे बघितले आणि खुर्चीत जाऊन बसला. त्यानं आपला लेखी आरोप तिथंच मागं घेतला.

"पट्टी त्या राजेश्रीनं काढली म्हणता ना?" एका विश्वस्तांना तेवढंच धरायचं होतं.

"मी लावली होती," मी म्हणाले. "निघेल अशी लावली होती. खऱ्या बाटलीत पाणी भरायची हुशारी माझी. तिला यात ओढाल, तर मी हे सगळं बाहेर, मोठ्यानं सांगीन."

मला त्याच बैठकीत निलंबित केलं. बरोबर केलं. धम्मशीलाचं निलंबन उठवलं. चौकशी पुढं जाईल तिथं जाईल, मी कुठंच कानावर हात ठेवणार नाही, एवढं लिहून दिलं.

तानुबाई बाहेर बाकावर होती. शब्द दिला होता. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या बोलीत, तिला समजेल असं सांगितलं. औषधाच्या जागी पाणी गेलं. त्या पोरीला माहीत नव्हतं. ते पाणी मी भरलं होतं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मारील, असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "चारठान्याची गाडी कवा हाय?"

"दीड वाजता."

"बरं," ती म्हणाली आणि फाटकाकडं चालायला लागली. मी मागं जायला उठले, तर तिनं मागं न बघता हातानंच नको म्हणून सांगितलं.

८

धम्मशीलाला चांगली बातमी द्यायला मीच गेले. दुसऱ्या कुणी द्यावी, असं मला वाटलं नाही. महादेवीनं फोनवर तिला आधीच थोडंफार सांगितलं होतं.

"सुटलीस तू," मी म्हणाले. "डॉक्टरनं आरोप मागं घेतला. उद्यापासून ड्यूटी."

ती खिडकीपाशी उभी होती. वळली नाही.

"मॅडम, चार दिवस मी स्वतःला सांगायले होते, आपण सगळं दिलं, तरी तो गेला. तेवढ्यावर जेवत होते, झोपत होते. आता तुमी ते पण काढून घेतलं." तिचा आवाज चढत गेला. "तो माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, दादा, घाबरू नको, औषध दिलंय. आणि पाणी ढकलत होते मी. चार वेळा. माझ्या हातानं. त्याची आई बाहेर, तिला जाऊन सांगितलं मी, वाचला म्हणून. मी सुटून काय करू? तुमी सांगा, काय करू?"

मला रडू फुटलं. बावीस वर्षांत कुठल्याही पोरीसमोर मी रडले नव्हते. तोंडात पदर कोंबला, तरी थांबेना. माफ कर, म्हणाले बहुतेक, नीट उमटलंही नाही.

ती तरातरा माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता जवळ घेईल. या पोरींची सवय मला माहीत आहे, कुणीही रडलं की यांचा हात आपोआप पुढं होतो. तिचाही झाला होता. तिनं तो मागं घेतला.

"रडू नका मॅडम," ती म्हणाली. "तुमी रडलात तर मला तुमची कीव येईल, आणि मला ती यायला नको आहे. मला रागवायचंय तुमच्यावर. मला रागवू द्या."

मी डोळे पुसले आणि खुर्चीवर बसले. "रागव," म्हणाले.

ती रागवली. तासभर. जे-जे बोलायचं ते सगळं बोलली, आणि मी एकदाही मधे बोलले नाही.